बिनजेवणाचा निरोप

सिंगापूरला संध्याकाळ अशी नसतेच. आंग मो किओच्या ऑफिसातून निघताना लख्ख उजेड असतो आणि बुओना व्हिस्टाला घरी पोचेपर्यंत कुणी दिवा मालवावा तसा अंधार झालेला असतो. विषुववृत्तालगत राहिलं की हे असंच, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. मग मी केनियाला गेले. किसुमू हे शहर तर विषुववृत्ताच्या उंबऱ्यावरच बसलेलं. सूर्य तिथेही घाईघाईने बुडतो, पण त्याचा उजेड जायला तयार नसतो. पाण्यावर, होड्यांच्या शिडांवर, जाळ्यांवर वाळत घातलेल्या माशांवर तो रेंगाळत राहतो. परत आल्यावर सगळे विचारतात, "सिंह पाहिले का?" नाही पाहिले. मी एका चीफबाईच्या घरी राहून आले, एवढंच.

गेले ती आचिएंगमुळे. माझा मुलगा नचिकेत शिकायला मेलबर्नला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. त्या खोलीत ही केनियाची मुलगी भाड्याने राहायला आली. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीसाठी ती सिंगापूरला आली होती. उंच, सडपातळ, हसली की आधी तिचे खांदे हलायचे. पहिल्याच आठवड्यात तिने 'काकू' उचललं, नंतर 'चला' आणि 'बास'. आमच्या ब्लॉकखाली डेंग्यूचा लाल फलक लागला, की घरोघरी तपासणीला येणाऱ्या माणसांच्या मागेमागे ती हिंडायची.

"कुंडीखालची ताटली उलटी करा म्हटलं तर लोक चिडत नाहीत?" ती मला विचारायची.

"चिडतात की. पण ताटली उलटी करतात."

पदवी मिळाली, इथेच चांगली नोकरीही चालून आली, आणि ती नाकारून आचिएंग गावी परत गेली. तिकडे दोन वर्षं दवाखान्याच्या आरोग्यसेविकांबरोबर पायपीट केल्यावर एके दिवशी तिचा फोन आला. त्यांच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली होती आणि ती उभी राहणार होती. "काकू, आत्ताच या. नंतर मी मोठी माणूस होईन, मग भेटणार नाही."

आमच्या ह्यांच्या जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत दुरुस्तीसाठी सगळं बंद ठेवायचे दिवस होते, त्यांना रजा मिळेना. मी घुटमळत होते. नचिकेत फोनवर म्हणाला, "आई, यू गो लाह. डोन्ट थिंक सो मच." गेले.

सरोवराकडे

किसुमूत पहिलं कानावर पडलं ते गुजराती. आचिएंगने पाण्याच्या बाटल्या घेतल्या त्या दुकानाचे आजोबा मला बघून "केम छो" म्हणाले. रस्त्याकडेच्या टपरीत चहा मिळाला तो दुधातच उकळलेला, आणि त्याबरोबर चपाती. तिला तिथेही चपातीच म्हणतात. रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या लोकांनी ती तिकडे नेली आणि मागे ठेवली.

गाव सरोवराच्या काठाला आहे. त्याचं नाव लिहीत नाही. ती निवडणूक अजून तिथल्या लोकांच्या तोंडात ताजी आहे. तांबडी माती, दुतर्फा मका, आणि एका वळणावर सगळं संपून नुसतं पाणी. नकाशात त्याला व्हिक्टोरिया म्हणतात. आचिएंगचे लोक, म्हणजे लुओ, त्याला 'नाम लोल्वे' म्हणतात, ज्या पाण्याला शेवट नाही ते. पलीकडचा काठ खरोखरच दिसत नाही. मी कोकणातली; समुद्र समोर ठेवल्यासारखं वाटलं, फक्त खारा वास नव्हता. त्याऐवजी दुसराच ओळखीचा वास आला आणि मी गाडी थांबवायला लावली. काठावर लांबच लांब जाळी अंथरलेली, आणि त्यांवर करंगळीएवढी चंदेरी मासळी वाळत होती. ओमेना. आमच्याकडची सुकटच ती! बायका वाकून ती हाताने पसरत होत्या, आणि हात फिरेल तिकडे चांदी हलत होती.

आचिएंगची आई तिथली असिस्टंट चीफ. चीफ म्हणजे कुणी टोळीचा म्होरक्या नव्हे, सरकारी माणूस. आपल्याकडचा तलाठी, पोलीस पाटील आणि भावकीतली थोरली आत्या एकत्र मळली की जे होईल, ते. खाकी गणवेशात ती बाहेर 'चीफ' होती. गणवेश उतरवला की 'मामा आचिएंग', म्हणजे आचिएंगची आई. मीही वर्षानुवर्षं 'नचिकेतची आई'च होते, त्यामुळे आमचं लगेच जमलं. ती मला 'न्यामिनवा' म्हणायला लागली. त्याचा अर्थ आपली ताई.

जेवायला उगाली होती. मक्याच्या पिठाची ही उगाली उकडीपेक्षा घट्ट आणि भाकरीपेक्षा मऊ असते. तिचा गोळा तोडायचा, अंगठ्याने खड्डा करायचा आणि त्यात पालेभाजी नाहीतर कांदा-टोमॅटोवर परतलेला ओमेना उचलायचा. मी बोटं चाटूनपुसून जेवले. चीफ म्हणाली, "आचिएंग सांगायची, सिंगापूरची काकू माझ्यासारखीच खाते. मला वाटलं, माझी समजूत काढतेय."

त्या घरात एक गंमत होती. चीफ सरकारी नोकर, त्यामुळे मुलीच्या प्रचाराचा एक शब्दही तिला काढता येत नव्हता. प्रचाराचा फलक अंगणातसुद्धा नको, हा तिचा दंडक. आचिएंग सकाळी शेजारी जाऊन पत्रकांचे गठ्ठे घ्यायची, मग मोटरसायकलवर बसून निघायची, आणि आई दारातून "जेवायला वेळेवर ये" एवढंच म्हणायची.

होड्या बांधणारा म्हातारा

आचिएंगबरोबर मीही हिंडले. मोटरसायकलवर चालवणारा, मध्ये मी, मागे आचिएंग. एका ओढ्यात आम्ही तिघंही पडलो. माझी साडी चिखलाने तांबडी झाली आणि पुढच्या सभेत आचिएंगपेक्षा टाळ्या मला जास्त मिळाल्या. बाजारात, चर्चच्या पटांगणात, मोटरसायकलवाल्या पोरांच्या अड्ड्यावर ती एकच सांगायची: शाळेच्या बोअरवेलचं पाणी नळाने काठापर्यंत आणायचं, म्हणजे सरोवराचं पाणी प्यावं लागणार नाही. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, "परदेशात खुर्ची मिळत होती, मग परत का आलीस? तिकडे काही चुकलं का तुझं?" ती हसायची, पण तिचे खांदे हलायचे नाहीत.

तिच्याविरुद्ध एक ठेकेदार उभा होता. पांढरी टोपी, भोंगा लावलेली गाडी. माणूस वाईट नव्हता. माझ्याशी मोठ्या अदबीने बोलला. त्याला एक गोष्ट नेमकी कळली होती, की लोकांना जेवायला घातलं की भाषण लहान चालतं.

एका दुपारी सरोवरावर धुराचे खांब दिसले. लांब, काळसर, आभाळापर्यंत गेलेले, हळूहळू चालत येणारे. मी घाबरून ओरडले, "होड्या पेटल्यात!" काठावर होडी तासत बसलेला एक म्हातारा हसून हसून वाकला. तो धूर नव्हता, चिलटं होती. पाण्यातून लाखोंनी उठतात आणि वाऱ्याबरोबर काठाला येतात. समजेपर्यंत माझ्या तोंडात, केसात, चष्म्यावर चिलटंच चिलटं. म्हाताऱ्याने आपल्या होडीवरचं शीड ओढून माझ्या डोक्यावर धरलं. त्या हिरवट अंधारात आम्ही दोघं बसलो आणि बाहेर तो थवा पावसासारखा वाजत राहिला.

त्यांचं नाव ओकेलो. सगळे त्यांना 'मझे' म्हणत, म्हणजे वडीलधारे. काठावरच्या निम्म्याअधिक होड्या त्यांच्या हातच्या. थवा ओसरल्यावर आचिएंग आमची दुभाषी झाली.

"तुझ्या गावी सरोवर आहे?"

"समुद्र आहे. मोठाली जहाजं येतात."

"लाकडाची?"

"लोखंडाची."

मझे ओकेलोंनी बराच विचार केला. "मग ती रात्री कण्हत असतील," ते म्हणाले. "लोखंडाला पाण्यात करमत नाही."

चार-पाच दिवसांनी ते गेले.

चीफचा हुकूम

सकाळी जुलाब सुरू झाले आणि संध्याकाळी दवाखान्यात त्यांचा जीव गेला. त्यांच्याच घरातली दोन माणसं तशीच आजारी होऊन आली. त्यातली एक त्यांची लहान नात. नर्सने नमुने शहरात पाठवले आणि चीफला बाजूला घेऊन सांगितलं, "रिपोर्ट यायचाय, पण मला कॉलराच वाटतो."

आता लुओंमधला अंत्यविधी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्याकडे सुतक असतं, घरात चूल पेटत नाही. तिथे उलट. गाव लोटतं, पाहुणे दिवस-दिवस राहतात, बैल कापतात, आणि आलेला कुणी उपाशी गेला तर तो मेलेल्याचा अपमान. आणि उमेदवार येतात. मयताशेजारी माइक असतो. ज्याला गावाशी बोलायचं आहे, तो तिथे बोलतो. ओकेलोंच्या मयताला सगळा काठ येणार होता. आचिएंगला एवढी माणसं एका जागी पुन्हा मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी चीफने दवाखान्यातून येऊन सांगितलं: दफन उद्या सकाळी, फक्त घरची माणसं, स्वयंपाक नाही.

मग स्वयंपाकाच्या खोपटात मायलेकींचं भांडण झालं. लुओ भाषेत. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. उलथनं आपटलं, मुलीचा आवाज चढला, आईचा खाली गेला. थोड्या वेळाने आचिएंग बाहेर आली आणि सरळ पाण्याकडे चालू लागली. मी मागून गेले.

उजेड अजून पाण्यावर होता. जलपर्णीचं एक मोठं बेट, त्यावर एक पांढरा बगळा उभा, असं सगळंच्या सगळं आमच्या समोरून सावकाश वाहत चाललं होतं. "मी आईला म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत थांब," आचिएंग म्हणाली. "तीन दिवस. तेवढ्यात मयत होऊन जाईल."

"आणि आई काय म्हणाली?"

"ती म्हणाली, रिपोर्टची वाट मी बघेन, पाणी नाही बघणार. काकू, हे मला परीक्षेत विचारलं होतं. हेच! मी बरोबर उत्तर लिहिलं होतं."

"मग?"

"तेव्हा मी निवडणुकीला उभी नव्हते." ती बराच वेळ त्या बगळ्याकडे बघत राहिली. बेट दूर गेलं. मग ती उठली, कपडे झटकले आणि मराठीत म्हणाली, "चला."

मतं नसताना

ओकेलोंच्या कुंपणापाशी एक बैल बांधलेला होता. शिंगांना ठेकेदाराच्या प्रचाराच्या रंगाची रिबीन. तंबूचे बांबूही येऊन पडले होते. अंगणात मझे ओकेलोंचा थोरला मुलगा ओउमा उभा होता, नैरोबीहून नुकताच पोचलेला, डोळे सुजलेले. त्याची आई खोपटाच्या सावलीत बसली होती. सगळे तिला 'दानी' म्हणत. त्याचा अर्थ आजी, पण माझ्या मराठी कानाला तो शब्द वेगळाच लागला.

आचिएंग दानीसमोर जमिनीवर बसली. बोलणं लुओतच झालं. तिने मला ते नंतर शब्दनशब्द सांगितलं.

"दानी, मी आईला थांब म्हणाले होते. इथे सगळी माणसं येतील, मला बोलायला मिळेल, म्हणून. तुमच्या घरच्या मरणात मी माझी सभा बघत होते."

"आणि आता काय बघतेस?" ओउमाने विचारलं.

"आता दवाखान्यात पडलेली तुझी मुलगी बघतेय. ज्या पाण्याने हे झालं, त्याच पाण्यात उद्या भांडी धुतली जातील. मोठा स्वयंपाक नको."

ओउमा ओरडला, "माझ्या बापाने या काठाला होड्या दिल्या. त्याला चोरासारखा गुपचूप पुरू? येईल त्याला दारातून हाकलू?"

शेजारच्या बायका डोक्यावरचा कपडा तोंडाशी धरून बसल्या होत्या. मग दानीने विचारलं, "कधीच जेवण नको, की आत्ता नको?"

"आत्ता नको."

त्यांच्यात 'रापार' असतो. आपल्या वर्षश्राद्धासारखा, पण ठरल्या तिथीचा नाही. घरच्यांना जमेल तेव्हा, मेलेल्याच्या आठवणीत सगळ्यांना बोलावून जेवू घालायचं. दानीने थोडा वेळ हातातली काडी मातीत फिरवली.

"मग रापारला घालू," ती म्हणाली. "पण तू तेव्हा ये. त्या टोपीवाल्यालाही निरोप दे. दोघंही मतं नसताना या."

ओउमा आईकडे बघत राहिला. मग कुंपणाशी गेला, बैल सोडला आणि स्वतः दोर धरून रस्त्याला लागला. ठेकेदाराचं घर बरंच लांब होतं. तो बाजारातून गेला, चर्चवरून गेला. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. रिबीन लावलेला बैल आणि त्याच्यापुढे मान खाली घालून चालणारा तो माणूस. मयताला जेवण नाही, हे जाहीर सांगायची गरजच उरली नाही.

पाण्यावरून

सकाळी चीफ खाकी गणवेशात फाटकाशी उभी होती. शेजारी क्लोरीनच्या पाण्याची बादली. आत जाणाऱ्या घरच्या माणसांच्या हातांवर ती स्वतः पाणी घालत होती आणि बाकीच्यांना हात जोडून परत पाठवत होती. काही जण तिला नको ते बोलले. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्याला हात जोडायची. मी तिच्यामागे, रस्त्याच्या कडेला उभी होते. तिथून अंगण दिसत होतं, आणि अंगणापलीकडे सरोवर.

धुकं होतं. पेटी खड्ड्यात उतरवली तेव्हा कुणी तरी आत हुंदका दिला, आणि त्याच वेळी मला धुक्यात काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं बगळे. मग अजून एक, मग बरीच. शिडं होती ती. ज्यांना फाटकातून परत पाठवलं होतं ते, त्यांच्या पलीकडच्या गावांतले, बेटांवरचे, सगळे होड्या घेऊन आले होते. काठाला कुणी लागलं नाही. एवढ्या अंतरावर थांबले की चेहरे दिसू नयेत पण माणसं दिसावीत. होड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, नाकाडांवर डोळे रंगवलेल्या, आणि एकेक शीड खाली आलं.

अंगणात दानीने रडगाणं धरलं. म्हातारा, फाटका आवाज, पण पाण्यावरून तो गेला. मग त्या धुक्यातून त्याच ओळीचं उत्तर आलं, शेकडो गळ्यांचं, खर्जातलं, जणू सरोवरच गात होतं. चीफच्या हातातला तांब्या थांबला. ती वळली, बघत राहिली आणि गणवेशाच्या बाहीने तिने डोळे पुसले.

आचिएंग तिथे नव्हती. ती पाणवठ्यावर होती, तिच्या प्रचाराची मोटरसायकलवाली पोरं सोबत घेऊन. पाणी न्यायला येणाऱ्या प्रत्येकीच्या डब्यात औषधाचे थेंब टाकत होती. पोरं शाळेच्या बोअरवेलवरून पाणी वाहत होती. एवढं दृश्य हिने पाहिलं नाही, म्हणून मला हळहळ वाटली. संध्याकाळी मी सांगायला लागले तर ती म्हणाली, "ऐकू आलं मला, काकू. आम्ही सगळे थांबलो होतो."

रिपोर्ट कॉलराचाच आला. चीफ वाचून नुसतं "हं" म्हणाली. आणखी काही जण आजारी पडले, ओउमाची मुलगी आठवडाभर दवाखान्यात राहिली, पण सगळे बरे होऊन घरी गेले. दुसरं मरण झालं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी चीफ आणि मी ओमेना निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "जिंकेल का हो ती?"

"नाही." तिने एक खडा काढून टाकला. "मला तिच्या हरण्याची भीती नाही, न्यामिनवा. हरली की तुझ्याकडे निघून येईल, ही भीती आहे."

मी मान खाली घालून निवडत राहिले, कारण नचिकेतची ती खोली मी अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

आचिएंग हरली. फार थोड्या मतांनी नाही, चांगलीच हरली. तिने फोन केला तेव्हा मी न राहवून म्हणाले, "खोली आहे हं तुझी." ती "हो काकू" म्हणाली आणि दुसरंच काहीतरी बोलू लागली. मधले कित्येक महिने तिचे फोन त्रोटकच होते. ती काय ठरवतेय, ते मला विचारवेना.

मग परवा संध्याकाळी मी घरी पोचतच होते, तर फोन वाजला. मागे गाणी, भांड्यांचा आवाज, माणसांचा कल्लोळ. मझे ओकेलोंचा रापार होता. तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"तो ठेकेदार आला का?" मीही ओरडून विचारलं. लिफ्टमधली चिनी आजी दचकली.

"आला ना! गाडी रस्त्यात लांब उभी करून चालत आला. मागे बसून जेवला. दानीने त्याला दोनदा वाढलं."

"आणि तू जेवलीस?"

"छे! अजून किती पंगती बसायच्यात." मागून कुणीतरी तिला हाक मारली, ती त्यांना लुओत काहीतरी म्हणाली आणि मग घाईघाईने मला सांगितलं, "घरची माणसं शेवटी बसतात, काकू."